बदामाचं दूध आणि मामाचा फेटा

मुरुम, ता. उमरगा
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,

धाकट्या वीरप्पाचा शरणार्थ. दाजींना नमस्कार सांग, सृष्टीला आशीर्वाद. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस माझ्या तोंडाकडंच बघत राहिला, म्हणाला, ‘अप्पा, कुणाला नोटीस पाठवताय का?’ दहावीनंतर एवढं सलग मी काही लिहिलेलं नाही. अक्षराला हसू नको.

इकडचं सगळं ठीक आहे. पावसानं सोयाबीन हातचं गेलं, तूर तेवढी उभी आहे. मोरी म्हैस व्याली, वगार झाली. चीक काढला तेव्हा तुझी आठवण निघाली, तुला खरवस लई आवडतो. रुद्रम्मानं तुझ्या नावाचा डबाही भरला होता. मग तो तामलवाडीला कुणाच्या हाती द्यायचा ते आमा नवरा-बायकोला सुचेना आणि डबा शेजारी गेला.

दुसरी बातमी अशी की मी दूध सोडलंय. बसलीस का कपाळाला हात लावून? साऱ्या मुरुमात ज्याच्या घरचं दूध जातं, त्याच्या स्वतःच्या पोटात आता दुधाचा थेंब जात नाही. पोटाची थोडी तक्रार होती. रुद्रम्मानं पाठ सोडली नाही म्हणून सोलापूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. आतड्याला सूज आहे म्हणाले, आणि दूध तर अजिबात पचत नाही. गोळ्या आहेतच, पण खाण्यावर बंधनं अशी की विचारू नको. दूध, दही, ताक बंद. भाकरी बंद, चपाती बंद, तिखट बंद, शेंगाची चटणी बंद. तिथं अर्पिता मॅडम म्हणून आहेत, कुणी काय खायचं ते त्या ठरवतात. पोरगी तुझ्या शिवप्रियाच्या वयाची, पण बोलती अशी की मी मान खाली घालून ‘व्हय, व्हय’ करत बसलो. दिवाळीला घरात चिवडा-लाडू होते आणि मी मऊ भात, मुगाचं पाणी, उकडलेलं गाजर खात होतो.

आता सूज जरा उतरली म्हणून मॅडमनी एक नवीन वस्तू वाढवली. बदामाचं दूध. मला वाटलं, म्हशीच्या दुधात बदाम घालायचे असतील. म्हटलं, चला, बाईला अक्कल आली. तर त्या म्हणाल्या, दूध नाहीच, नुसते बदाम आणि पाणी. रात्री भिजवायचे, सकाळी साल काढायची, मिक्सरमधून पाणी घालून बारीक करायचे आणि फडक्यातून पिळून घ्यायचे. साखर न्हाय, वेलची न्हाय. आणि प्यायचं किती? एक चमचा. दुसऱ्या दिवशी पोट गप्प राहिलं तर दोन. एका वेळी एकच नवी वस्तू, आणि कुरकुर झाली की मागं यायचं. रुद्रम्मा फडकं पिळायला बसली की मला विचारते, ‘आज मिक्सरनं किती दूध दिलं?’ चव म्हणशील तर तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी. पण पोटानं अजून तरी काही म्हटलेलं नाही.

हे कुणाला सांगू नको. दाजींनासुद्धा नको. दूधवाल्याला घरचं दूध चालत नाही एवढं जरी गावात कळलं तरी लोक म्हणतील, दुधातच काहीतरी असणार. रतीब तुटायला वेळ लागत नाही.

शिवप्रियाच्या लग्नाचं म्हणशील, तर मी अक्षतांच्या आधी निघून गेलो ते तुला लागलं, हे मला मान्य आहे. मला त्या दिवशी एक अडचण आली. अडचण कुणालाही येते. तू चारचौघांत ‘आजपासून मला भाऊ न्हाय’ म्हणालीस, ते रुद्रम्मानं तिथं उभं राहून ऐकलं. तिला तर काही माहीतही नव्हतं. पण मी ते मनात धरलेलं नाही. तूही आता सोडून दे. सृष्टीचं जमलं असं बाहेरून कळलं, माघात तारीख धरलीय म्हणे. बाहेरून कळलं ह्याचं वाईट वाटलं. पत्रिका छापायला द्यायच्या आधी एकदा बोल माझ्याशी.

बाकी काय लिहू. थंडी पडायला लागलीय, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा धाकटा भाऊ,
वीरप्पा


मुरुम
मंगळवार, २३ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,

वीरप्पाचा शरणार्थ. एसटीच्या पार्सलनं पाठवलेला फेटा मिळाला. उमरग्याच्या स्टँडवर जाऊन मीच सोडवून आणला. वाटलं, तू काहीतरी खायला पाठवलंस. तिथंच पिशवी उघडली आणि परत बंद केली. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पाठवलास. वर चिठ्ठी एका ओळीची: ‘खरकट्यातनं उचलून धुतला, तुझा मान तुझ्यापाशी ठेव.’

अक्का, फेटा मी फेकला नाही. बसवण्णाची आण. कार्यालयाच्या मागं भांडी घासायची जागा होती, तिथल्या भिंतीवर मी तो नीट ठेवला होता. खाली पडला असेल, वारं असेल, मला माहीत नाही. मी मामाचा फेटा खरकट्यात टाकीन? सकाळी मी दाजींच्या भावाला म्हणालो होतो की व्याह्याला रेशमी आणि मामाला सुती होय रे, ते चेष्टेनं म्हणालो होतो. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाला एक जोडल्या आणि मामा मानपानावरून रुसून गेला असं ठरवलं. रुद्रम्मा सांगते, जेवणाच्या पंगतीत दुसरा विषयच नव्हता. कुणी म्हणालं फेटा आपटला, कुणी म्हणालं शिव्या देत गेला. मी कुणाला शिवी दिली ते तरी विचारायचं होतं.

मग काढला कशाला, हे तू विचारशील. उकडत होतं. मे महिना होता.

वेळा अमावास्या, आपली येळवस झाली. शेतात कडब्याची कोप केली, पाच दगडांचे पांडव मांडले, भज्जी, उंडे, ताकातली आंबिल, सगळं रुद्रम्मानं केलं. माणसं बरीच आली. रतिबाच्या घरची दोन-चार जण होती. आंबिलीनं भरलेली बिंदगी फिरत फिरत माझ्यापाशी आली आणि मी पुढं ढकलली. येळवशीला स्वतःच्या रानात आंबिल न पिणारा मालक कुणी बघितलाय का? एकानं विचारलंच, ‘अप्पा, पोट धरलंय काय?’ झालं, माझं डोकं फिरलं. मी कोपीत गेलो, रुद्रम्मानं माझ्यासाठी दोन-तीन दिवसांचं बदामाचं दूध एकदम करून बाटलीत आणलं होतं ते तांब्यात ओतलं आणि सगळ्यांच्या समोर उभा राहिलो. म्हणालो, ‘आंबिल पोरांनी प्यावी. आपलं म्हशीचं दूध बरं.’ आणि एका दमात तांब्या रिकामा केला. लोकांनी ‘वा अप्पा’ म्हटलं.

मॅडमनी मला त्या वेळी पाव वाटीवर आणलं होतं. पाव वाटी सोसायला लागली होती. एकदम तांब्याभर पोटात गेल्यावर जे व्हायचं ते झालं. बदामसुद्धा उलटले. परत मऊ भात आणि मुगाचं पाणी, परत एक चमच्यापासून सुरुवात. मॅडम फोनवर म्हणाल्या, ‘काका, आतड्याला कुस्ती माहीत नाही.’ मी हसलो नाही.

पण त्याहून वाईट रुद्रम्मा बोलली. ती कधी बोलत नाही, तुला माहीतच आहे. अंथरुणाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, ‘ज्या लाजंपायी लग्नातनं पळालात, तीच लाज आज परत पिऊन आलात. मला त्या दिवशी बायकांनी घेरलं होतं, मी एकटी उभी होते. ते तुमाला कुणी सांगितलं न्हाय व्हय?’

तिला द्यायचं उत्तर तुला थोडं देतो. लग्नाच्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं. म्हणून गेलो. रुसून गेलो नाही. एवढं समजून घे आणि दाजींना सांगायचं तर सांग. पोट कुणाचंही बिघडतं.

हे वाचून वाटतंय की खोटं काही लिहिलेलं नाही, तरी पत्र खोटं आहे. पण आज एवढंच होतंय.

तुझा,
वीर


मुरुम
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. अक्कास,

वीरचा शरणार्थ. हे पत्र तू एकटी असताना वाच. सृष्टीला वाचून दाखवायला देऊ नको, चष्मा लाव आणि तूच वाच.

परवा सृष्टीचा फोन आला. तुझ्या चोरून केला होता, तिला रागावू नको. म्हणाली, ‘मामा, पत्रिकेत बंडप्पामामाचं नाव घातलंय. तुमी नुसतं जेवायला येणार का?’ बंडप्पा आपल्या चुलत्याचा पोरगा, भला माणूस आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पोरगी ज्या आवाजात बोलली तो आवाज कानातून जात नाही. मी तिला म्हणालो, बघतो. फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन बसलो. लई रडलो. तुला खरं सांगायला मला आता दुसरं काही उरलेलं नाही.

शिवप्रियाच्या लग्नाच्या बऱ्याच आधीपासून मला हा त्रास होता. रतीब घालताना कुणाच्या दारात संडास आहे आणि कुणाचं दार सकाळी उघडं असतं, हे मला पाठ झालं होतं. एसटीत बसायचं सोडलं होतं. मोटारसायकल बरी, कुठंही थांबवता येते. डॉक्टरकडं गेलो नाही. तालमीत अंग कमावलेला मी, जाऊन काय सांगायचं? की मला परसाकडंचं धरवत नाही? रुद्रम्मालासुद्धा अर्धंच सांगितलं होतं.

लग्नाच्या आदल्या सकाळपासून मी अन्न तोंडात घातलं नव्हतं. म्हटलं, रिकामं पोट दगा देणार नाही. शिवप्रियाला हाताला धरून मांडवात आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, एवढंच मला पार पाडायचं होतं. देवाकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

सकाळी तू मला व्याह्यांसमोर बोलावलंस. तुझ्या हातात अव्वाचा पितळी तांब्या होता, आई गेल्यावर तुझ्याकडं आलेला. काठोकाठ दूध, केशर घातलेलं, वर बोटभर साय. तू म्हणालीस, ‘आमचा वीर दुधाचा तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवतो.’ व्याही हसले, कुणीतरी मोबाइल धरला. तुझं तोंड किती फुललं होतं त्या वेळी. मी एवढंच म्हणायचं होतं की अक्का, नको, पोट बरं नाही. तू तांब्या मागं घेतला असतास आणि बात तिथंच मिटली असती. मी प्यालो. सगळा प्यालो आणि तांब्या उलटा करून दाखवला.

दोन पत्रांत मी हेच टाळलं. रुद्रम्माला मी शपथ घातली होती. तिला सांगायचो की अक्काला कळलं, तिच्याच हातच्या दुधानं असं झालं, तर तिचा जीव तुटेल. ऐकायला हे चांगलं वाटतं. खरं ते नाही. खरं असं की मला लाज वाटत होती, तुझी काळजी नंतरची. आपल्याकडं रुसण्याला मान आहे, अक्का. मामा रुसतो, व्याही रुसतो, जावई रुसतो, चार माणसं जाऊन समजूत काढतात. पोट सुटलेल्या मामाची मात्र लोक नक्कल करून दाखवतात. म्हणून मी रुसलेला राहिलो. तुझं घर तुटलं तरी चालेल, माझी नक्कल होऊ नये, एवढा मी हलका निघालो.

पुढचं लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

फेटा बांधून झाला आणि पोटात कळ आली. मागं दोन संडास होते. एकात आचाऱ्यानं सामान कोंबून कुलूप घातलेलं, दुसऱ्यापुढं व्याह्यांकडच्या बायकांची रांग. मामाचा फेटा बांधून त्या रांगेत मी कसा उभा राहणार? भिंतीपलीकडं रान, पण मे महिना. तुरीची धसकटं सोडली तर आडोशाला काही नाही. मी भिंतीला धरून उभा राहिलो आणि उभ्या उभ्याच झालं, अक्का. नवा पांढरा पायजमा होता. तूच घेतलेला.

तेवढ्यात माईकवर बोलले, ‘मुलीच्या मामांनी नवरीला घेऊन मांडवात यावं.’ मी भांडी घासायच्या नळाखाली बसून कपडे अंगावरच धूत होतो. परत बोलले. मग नाव घेऊन बोलले, ‘मुरुमचे वीरप्पा जिथं असतील तिथून यावं, मुहूर्त जवळ आलाय.’ मी भिंतीच्या आतल्याच बाजूला होतो. हाक मारली असती तर कुणालाही ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. फेट्यावरून कुणीही ओळखेल आणि थांबवेल म्हणून तो काढून भिंतीवर ठेवला आणि पलीकडं रानात उतरलो. मग मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या खिशात अक्षता होत्या, त्यांचा भिजून गोळा झाला होता. ‘सावधान’ ऐकू आलं तशी मी त्या भिंतीवरनं आत टाकल्या. कुठं पडल्या देव जाणे, खरकट्या ताटांवरच पडल्या असतील. मग रानातून रस्त्यावर आलो, एका टेंपोवाल्यानं मागं बसवून घेतलं. त्यानं नाकाला रुमाल लावलेला मी बघितला.

हे सगळं असं आहे. रुद्रम्माला मी तिथं एकटी सोडून आलो, हेही त्यातच धर.

आता सृष्टीचं. मला तिच्या मागं उभं राहायचंय. मी चमच्यावरून परत वर आलोय, ह्या खेपेला घाई न करता. सध्या बदामाचं दूध परत पाव वाटी सोसतं. मॅडम म्हणाल्या, अजून थोडे दिवस नीट राहिलात तर लग्नात उभे राहाल, पण खात्री देत नाही. मीही देत नाही. एका गोष्टीची खात्री देतो. कळ आली तर मी तोंडानं सांगीन. मांडवात असलो तर मांडवात सांगीन की अक्का, थांब, मी आलो. आणि व्याह्यांसमोर तू तांब्या पुढं केलास तर मी नको म्हणीन आणि माझं पाव वाटी बदामाचं मागीन. कुणी विचारलं तर काय आहे आणि कशासाठी आहे, ते खरं सांगीन. त्यात तुला कमीपणा वाटत असेल तर आत्ताच कळव. मी मागच्या रांगेत बसून अक्षता टाकीन, जेवणार तर तसाही नाही.

काल रतिबाच्या एका घरी, येळवशीला ज्यांनी ‘वा अप्पा’ म्हटलं होतं त्यांच्याकडं, मी दारातच सांगितलं की त्या दिवशी तांब्यात म्हशीचं दूध नव्हतं, मला ते पचत नाही. त्या घरच्या आजी म्हणाल्या, ‘मला बी पचत न्हाय बाबा, मी सुनेपायी पिते.’ रतीब चालू आहे.

फेटा खुंटीला आहे. बांधून येऊ का पिशवीत घालून आणू, तेवढं कळव.

अजून भिंतीपलीकडंच उभा असलेला,
तुझा वीर


तामलवाडी
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. वीरास अक्काचा आशीर्वाद.

पत्र एकटीनं वाचलं. मग दाजींना वाचून दाखवलं. ह्या खेपेला तू नको म्हणाला नव्हतास, आणि त्यांना कळायलाच पायजे होतं, खरकट्यातनं फेटा त्यांनीच उचलला होता. ते उठून रानाकडं गेले आणि दिवस मावळल्यावर आले.

माझा राग गेलेला न्हाय. तू पळालास त्याचा न्हाय. मला तुझी लाज वाटंल असं तुला वाटलं, त्याचा. अव्वा खुरपायला जायची तवा तुला कडंवर घेऊन कोण हिंडत होतं? तुझं ढुंगण कुणी धुतलं? माझं वय तवा काय होतं? तवा मला लाज वाटली न्हाय, ती आता वाटंल व्हय रं?

लाज मला माझी वाटतीय. तांब्या पुढं केला तवा तुझं तोंड उतरलेलं मला दिसलं होतं. मी बघितलं, आन् न बघितल्यागत केलं. व्याह्यांसमोर भाऊ मिरवायचा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते. मग त्याच तोंडानं मला भाऊ न्हाय म्हणाले. चारचौघांत म्हणाले, ते परत घ्यायला बी चारचौघंच पायजेत, म्हणून तुला यावं लागंल. आन् रुद्रम्माला म्हणावं, तिची माफी मी तिच्या समोर बसून मागणार हाय, कागदावर न्हाय.

मागच्या लग्नाचं कार्यालय ह्या खेपेला न्हाय. नव्या कार्यालयात नवरीच्या खोलीला लागूनच संडास हाय. दाजी सोताहून गेले, कडी लावून-काढून बघून आले, नळाला पाणी येतं का बघितलं. व्याह्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, मामाची सोय बघितली. पत्रिका छापून झाल्या, त्यात बंडप्पाचं नाव हाय ते ऱ्हाऊ दे. त्याला सांगितलं, तो म्हणाला, ‘बरं झालं, मी पंगतीत वाढायला उभा ऱ्हातो.’

फेटा बांधूनच ये. उघड्या डोक्यानं आलास तर दारात घेणार न्हाय. भटजीला सांगून ठेवलंय, मामा आल्याबिगर पुढं जायचं न्हाय, मुहूर्त टळला तर टळला.

बदाम किती भिजवायचे, साल काढायची का ठेवायची, फडकं जाड लागतं का पातळ, ते मला काय म्हाईत न्हाय. रुद्रम्माला फोन करायला सांग. मी उचलीन.

तुला कडंवर वाढवणारी,
तुझी अक्का